चाकाखालचं लिंबू

टायरखाली चिरडलेल्या लिंबाचा वास आला की माझे तळहात अजूनही घामेजतात. आमच्या जुन्या गाडीचं इंजिन चालता चालता अडखळायचं, दोन दिवसांनी आपोआप सुधारायचं आणि महिन्याभराने पुन्हा तेच. बाबांच्या मते तिला नजर लागली होती. म्हणून दर अमावास्येला ते गाडी धूत, बॉनेट उघडून इंजिनावरही पाइपाने पाणी मारत, तिथेही कुंकू लावत आणि चाकाखाली लिंबू ठेवत. अशाच एका अमावास्येला पूजा आटोपून आम्ही तारनाक्याहून निघालो. फ्लायओव्हरच्या ऐन चढावर गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली. मागे बस होती. इंजिन थांबल्यामुळे ब्रेक जड झाला होता, हँडब्रेकही नीट धरत नव्हता. गाडी हळूहळू मागे सरकायला लागली आणि बसचे दिवे मागच्या काचेत मोठे होत गेले. पुढे बसलेली आई पुटपुटली, "अहो, धरा तिला." ब्रेकवर सगळं वजन टाकलेला बाबांचा पाय मला मागून लटपटताना दिसत होता. बसवाला खिडकीतून म्हणाला, "डरो नक्को चाचा, मैं खड़ा हूँ." शेवटी इंजिन कसंबसं सुरू झालं आणि आम्ही पूल उतरलो. खाली कडेला बाबांनी बॉनेट उघडलं, रुमालात धरून स्पार्क प्लगवरची रबरी टोपी ओढून काढली. आतून कुंकवाने लाल झालेलं पाणी ओघळलं. आई हळूच म्हणाली, "म्हणजे दर अमावास्येला आपणच पाणी मारून तिला बिघडवत होतो." बाबा ती टोपी पुसत राहिले. आता माझी गाडी नवी आहे. तरी चढावर मागे बस दिसली की ब्रेकवरचा पाय लटपटतो, अगदी त्यांच्यासारखा.