तीन सुताचं भोक

त्या तलावावरची ती सकाळ इतकी वर्षं झाली तरी माझ्या मनातून गेलेली नाही.

मी तेव्हा इंदूरच्या वेशीवरच्या एका ठाण्याचा टी. आय. होतो. आमच्या मध्य प्रदेशात ठाण्याच्या प्रमुखाला टी. आय. म्हणतात. शहरातल्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडून काही वर्षं झाली होती. दुसरीकडे नवे शोरूम उघडत होते, रस्त्यावर नव्या मोटारी दिसत होत्या. या नव्या पैशाच्या लोकांना रविवारी जायला जागा हवी म्हणून आमच्या हद्दीतल्या जुन्या तलावावर एका ठेकेदाराने बोटिंग सुरू केलं होतं. लाकडी वल्ह्याच्या दहा-बारा बोटी, एक तिकिटाची टपरी, भुट्टेवाले, चहावाले. काठावरच्या मच्छीमारांना मात्र बोटिंगच्या वेळात जाळी उचलून घ्यावी लागत. त्यावरून कुरबुर चालूच असे.

त्या सकाळी महूहून आलेलं एक जोडपं बोटीत बसलं. तलावाच्या मध्यावर बोटीत पाणी शिरलं आणि ती उलटली. जवळच एक मच्छीमार जाळं गोळा करत होता. त्याने दोघांना वर काढलं. नवरा बचावला, पण बायकोच्या पोटात बरंच पाणी गेलं होतं. दवाखान्यात ती बेशुद्ध होती.

मी घाटावर पंचनामा केला. बोटीच्या तळाला, बसायच्या फळीखाली, एक गोल भोक होतं, मापून तीन सूत, म्हणजे जेमतेम करंगळी जाईल एवढं. कडा स्वच्छ, एकही चीर नाही. कडेला मेणाचा कण चिकटलेला होता. हे सगळं मी लिहून घेतलं आणि पुढे गेलो. डोळ्यांना दिसलं ते कागदावर उतरवलं, पण डोक्यात घेतलं नाही. पुढचे दोन दिवस मी चुकलो ते याच कारणाने.

आधीच्या दोन महिन्यांत घाटाला बांधलेल्या दोन बोटी अशाच बुडाल्या होत्या. ठेकेदाराची तक्रार रोजनामच्यात होती. त्याचं म्हणणं एकच, "साहब, मच्छीवालों का काम है।" मीही तेच धरून चाललो. ज्या मच्छीमाराने जोडप्याला वाचवलं त्यालाच मी ठाण्यावर आणलं. कारण बोट बुडाली तेव्हा तो सगळ्यात जवळ होता. दोन दिवस त्याला व्हरांड्यात बसवून ठेवलं. अटक दाखवली नाही, रोजनामच्यात नोंद केली नाही. एकदा मी त्याच्या कानाखालीही मारली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण गाळलं तर ही आठवण खोटी होईल. तो एवढंच म्हणत होता, "साब, मैंने तो निकाला उनको।"

दुसऱ्या दिवशी मुखबिराची खबर आली. तलावावरचाच एक चहावाला आम्हाला बातम्या द्यायचा. तो म्हणाला, "साहब, एक मैडम आती है, महाराष्ट्र की। हर संडे मच्छीवालों के घर बैठ के फारम भरवाती है। उसी ने भड़काया है।"

मी बाईंना बोलावून घेतलं. पस्तिशीच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होत्या. सांगलीकडून येऊन दोन वर्षं झाली होती. डॉक्टरेटसाठी त्यांचा विषय होता, नौकाविहारामुळे तलावाकाठच्या लोकांच्या रोजीरोटीवर झालेला परिणाम. हे ऐकून माझा हवालदार तोंड फिरवून हसला.

मी मराठीत विचारलं, "लोकांना विचारता तरी काय?"

"बोटिंग आल्यावर तुमच्या घरात काय बदललं, एवढंच. कोणाला काम मिळालं, कोणाचं गेलं, कोणाचा दिवस कसा जातो."

"ते फॉर्म इथे ठेवा."

"नाही ठेवणार. कोणाला नाव दाखवणार नाही असं सांगून भरून घेतलेत मी."

"बाई, एक स्त्री दवाखान्यात बेशुद्ध पडली आहे."

"माहीत आहे. सकाळीच बघून आले तिला."

मला फॉर्म जप्त करता आले असते. जप्तीपत्रक टेबलावरच होतं. का केलं नाही, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. माझी बायको महूच्या शाळेत शिक्षिका, मुलं तिच्याजवळ. मी क्वार्टरमध्ये एकटा. दिवसभर ठाण्यात हिंदी, आणि संध्याकाळी घरी कोणतीच भाषा नाही. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्या थोड्या सैल झाल्या.

"माझा अभ्यास कसा सुरू झाला सांगू का?" त्या म्हणाल्या. "रविवारी खोलीवर बसवत नसे. म्हणून तलावावर जाऊन बसायचे. तिथे आणखी कोण कोण असं बसायला येतं ते बघत राहिले, आणि मग विचारायला लागले."

जाताना व्हरांड्यात त्यांना मच्छीमार दिसला. त्या थबकल्या. "यांना का बसवलंय? यांनीच तर तिला वर काढलं."

त्यांनी पिशवी घट्ट धरली आणि निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू असतानाच त्या पुन्हा आल्या. चेहरा उतरलेला. उभ्या उभ्याच बोलल्या.

"साहेब, तुम्ही ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यातच शोधताय. बोट बुडाली की तलावावर कोणाला काम मिळतं, ते बघितलंत?"

"नाव सांगा."

"नाव नाही सांगणार. आज बुडालेली बोट दुरुस्तीला घेणार आहेत. साध्या कपड्यात जाऊन बसा तिथे." मग खाली बघत म्हणाल्या, "एवढं सांगितलं हेच जास्त झालं." त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या गेल्यावर मी पंचनामा पुन्हा वाचला. गोल भोक, स्वच्छ कडा, मेण. ज्याला राग येतो तो कुऱ्हाड घालतो. हे काम लाकडाची काळजी असलेल्या माणसाचं होतं. मी मच्छीमाराला घरी पाठवलं आणि तलावावर गेलो.

बोट दोन ओंडक्यांवर पालथी घातली होती. साठीच्या आसपासचा एक माणूस तिचं जुनं डांबर खरवडत होता. तो ठेकेदाराचा चौकीदार. एरवी टपरीच्या पायरीवर बसून असायचा, मी त्याला चार वेळा पाहिला असेल, पण चेहरा लक्षात नव्हता. आज त्याच्याभोवती सात-आठ माणसं होती. कोणी फळी धरत होतं, कोणी म्हणत होतं, "मिस्त्रीजी, चाय लो पहले।" खुद्द ठेकेदार डांबराचा डबा हातात घेऊन उभा होता. म्हाताऱ्याची पाठ ताठ होती, आवाजात जोर होता.

गर्दी पांगल्यावर मी जवळ बसलो. तो गिरणीत लूमखात्यात फिटर होता, आणि मराठी होता. पट्टी कशी बसवायची, काथ्या कसा ठोकायचा, अर्धा तास सांगत राहिला. शेजारी त्याची पेटी उघडी होती. भोकं पाडायची गिरमिटं मापानुसार ओळीने लावलेली. एक जागा रिकामी.

"तीन सुताचं कुठाय?" मी विचारलं.

त्याचा हात थांबला. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. कपडे बदलले होते, पण पायात पोलिसाचे लाल बूट तसेच होते.

"घाटाखाली पाण्यात आहे, साहेब," तो म्हणाला. "चला, मी येतो. ही पट्टी तेवढी ठोकून घेऊ द्या."

मी ठोकू दिली.

ठाण्यावर मला आवाजसुद्धा चढवावा लागला नाही. तो आपणहून बोलत होता, जणू कोणी विचारायचीच वाट पाहत होता.

"मिल बंद झाली, सालभरात बायको गेली. मुलगी भुसावळला दिलेली, दिवाळीला तिचं पत्र येतं. बाकी दिवसभर कोणाशी बात नाही, साहेब. लोक येतात ते म्हणतात, 'ए चौकीदार, बोट खाली है क्या?' बोट बिघडली की तेच लोक मिस्त्रीजी म्हणतात. चार-पाच दिवस माणसं जवळ येऊन बसतात."

"म्हणून भोकं पाडलीस?"

"मेण भरून ठेवायचो. सांजेपर्यंत मेण सुटतं आणि बोट घाटाशीच बसते, कमरेएवढ्या पाण्यात. कोणाला धोका नाही. ही बोट मी बाजूला बांधून ठेवली होती. मी रोटी खायला गेलो आणि ठेकेदाराने तीच काढून दिली. दोघांच्या वजनाने मेण लवकरच सुटलं असणार. ओरडा ऐकून धावत आलो. पण मला तैरता येत नाही, साहेब. काठावर उभा राहिलो."

मी त्याला बाईंबद्दल विचारलं. तो म्हणाला, "त्यांनी विचारलं, बोटिंगमुळे तुमचं काय बदललं. मी म्हटलं, बोट मोडते तेव्हा माझ्याशी लोक बोलतात. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. छेदाचं मी त्यांना बोललो नव्हतो."

गोताखोराने बुडी मारून गिरमिट काढलं. कबुलीचा मेमोरंडम, जप्ती, अटक, सगळं रीतसर झालं. दवाखान्यातली स्त्री शुद्धीवर आली आणि काही दिवसांनी घरी गेली. ही बातमी मी कोठडीत जाऊन त्याला सांगितली. तो भिंतीकडे तोंड करून रडला.

कोर्टाने जामीन मंजूर केला, पण जामीनदार मिळेना. मुलीला तार केली होती, उत्तर नाही. ठेकेदाराने हात वर केले. चौथ्या दिवशी कोर्टाच्या आवारात तो मच्छीमार दिसला. काखेत आपल्या तुकडाभर जमिनीची बही, म्हणजे खातेपुस्तिका, घेऊन तो जामीन राहायला आला होता.

मी विचारलं, "तू? याच्यामुळेच तर तुला बसवलं होतं."

"साब, दो दिन आपके बरामदे में बैठा था," तो म्हणाला. "किसी ने पानी तक नहीं पूछा। मालूम है मेरे को, कैसा लगता है।"

पुढे खटला चालला, म्हाताऱ्याने गुन्हा कबूल केला, थोडी शिक्षा झाली. सुटल्यावर तो मच्छीमारांच्या वस्तीतच राहिला आणि त्यांच्या होड्या दुरुस्त करू लागला. बाई वर्षअखेर इंदूर सोडून गेल्या. जाण्याआधी ठाण्यावर येऊन म्हणाल्या, "त्यांचा फॉर्म मी अभ्यासातून काढून टाकलाय." प्रबंधात काय आलं मला ठाऊक नाही. पण त्या तलावाकाठी कोण कसं जगतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं. मी त्याच हद्दीचा अधिकारी होतो, आणि तिथे मी फक्त गुन्हे मोजत होतो.

या प्रकरणाने मला शिकवलं ते तपासाच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. आम्ही दुष्मनी शोधतो, लालूच शोधतो, कोणाचं कोणाशी वाकडं आहे ते विचारतो. ज्याचं कोणाशी वाकडं नाही आणि सरळही नाही, तो आम्हाला दिसतच नाही. चालानमध्ये, म्हणजे आरोपपत्रात, गुन्ह्याचा हेतू लिहिताना मी बराच वेळ अडलो होतो. शेवटी लिहिलं, 'दुरुस्तीचे काम मिळावे म्हणून.' ते खोटं नव्हतं, पुरंही नव्हतं. त्यानंतर प्रत्येक चौकशीत मी आधी विचारू लागलो, "घरी बोलायला कोण आहे?" पुष्कळ जण या प्रश्नालाच गप्प होत.

मच्छीमाराची माफी मागायला मात्र मला निवृत्त व्हावं लागलं. बायको तोवर गेली होती, मुलं पुण्यात. एका दुपारी मी त्याच्या वस्तीत गेलो. तो जाळं विणत होता, केस पांढरे झाले होते. मी कोण ते सांगायला लागलो. त्याने मान हलवली आणि बाजेवर माझ्यासाठी जागा केली.

"पहचाना साब। बैठो।"

जे बोलायला गेलो होतो ते दोन वाक्यांत संपलं. तरी उन्हं उतरेपर्यंत मी तिथून उठलो नाही, आणि त्यानेही मला उठा म्हटलं नाही.