आयरिसला पाणी घालू नकोस

आधी टँकरवाले चाचा, मग बाकीचं. ते नसते तर मी केव्हाच पिशवी भरून गावाला निघून गेले असते, आणि तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

जुळे सोलापुरात एका निवृत्त शिक्षिकेकडे मी राहते. मी त्यांना बाई म्हणते. त्यांचा स्वयंपाक, औषधं, डोळ्यांत थेंब घालणं हे माझं काम. माझं गाव लांब, कोकणात. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढे ओळखीतून इथे आले. बाईंना काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी आले त्याच पावसाळ्याच्या शेवटी बाईंच्या बहिणीने कुरिअरने आयरिसचे कंद पाठवले. ती लांब उत्तरेत, डोंगरात राहते. ही जात ऐन थंडीत फुलते, फूल जांभळं असतं, पानांत लपतं, शोधावं लागतं, एवढं तिने फोनवर सांगितलं. बाईंनी ते कधी पाहिलेलं नव्हतं. कंद माझ्या ओंजळीत देत त्या म्हणाल्या, "दिसतंय तोवर एकदा बघू दे गं."

मी सुपारीच्या बागेत वाढलेली. आमच्याकडे शिंपणं चुकलं की झाड गेलं, आणि चुकवणारीला दिवसभर बोलणी. म्हणून मी दक्षिणेच्या भिंतीशी आळं केलं, भरपूर शेणखत घातलं आणि रोज पाणी सुरू केलं. इथे नळाला चार-चार दिवस पाणी नसतं. मी तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, माझ्या आंघोळीतलंसुद्धा वाचवून नेत होते. पानं गुडघ्याएवढी झाली. थंडीत रोज सकाळी मी पानांत बोटं घालून बघायची. थंडी गेली, फूल नाही. मला वाटलं, पाणी कमी पडलं. मी आणखी घातलं.

बाई आधी रोज विचारायच्या. मग विचारेनाशा झाल्या, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

पुढच्या पावसाळ्यात एक पान जरा ओढलं तर ते मुळापासून हातात आलं. खाली कंद लोण्यासारखा मऊ, वास घाण. त्याच महिन्यात बाईंचा डावा डोळा पुरता गेला होता. मी चिखलाचे हात घेऊन भिंतीशी बसून राहिले. त्या माउलीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी माझ्या हाताने कुजवली होती.

चाचा तेव्हा आमच्या टाकीत पाइप सोडून उभे होते. मूळचे मैंदर्गीकडचे, लहानपणी शेतात कांदा काढलेला माणूस. ते आले, वाकून वास घेतला.

"कांदा बुडवलीस की, बेटी," ते म्हणाले. "मी पाणी विकणारा माणूस. मीच सांगतो, ह्याला पाणी नको."

त्यांनी सगळे कंद उपटले. सडका भाग ब्लेडने कापला. हाताच्या बोटांएवढे पाच तुकडे धड निघाले, ते सावलीत सुकत ठेवायला लावले. दोन दिवसांनी कुठल्याशा पाडलेल्या घराचा जुना चुन्याचा राडारोडा पोतंभर घेऊन आले, मुरुमात मिसळला आणि त्यात कंद अर्धे उघडेच लावले. मला ते जिवंत पुरल्यासारखं वाटलं. पाणी घालावंसं वाटलं की अंगण झाडायचं, असं त्यांनी बजावलं.

ती थंडीही फुलाविना गेली. उपटलेलं झाड रुसतं, चाचा म्हणाले. मग उन्हाळा. पानांची टोकं जळून कागदासारखी झाली. दुपारी मी हातात पाण्याचा मग घेऊन भिंतीपर्यंत जायची आणि परत यायची. त्या वर्षी आमचं अंगण गल्लीत सगळ्यांत स्वच्छ होतं. चाचा प्रत्येक खेपेला हसत विचारायचे, आज किती वेळा झाडलीस?

इकडे बाई भिंतीला हात लावून चालायला लागल्या. उजव्या डोळ्याच्या कडेला थोडं दिसायचं, तेवढंच. मी थेंब घालताना मनात म्हणायची, ही थंडी येईपर्यंत थांब.

जानेवारीत पाच तुकड्यांपैकी एकाच्या पानांत बोटाला काहीतरी गार, गुंडाळलेलं लागलं. कळी. मी ती देठासकट हळूच काढली आणि ग्लासात ठेवून बाईंच्या खोलीत नेली. चहा होईपर्यंत ती उमलली.

बाईंनी फूल उजव्या कडेला धरलं, मान फिरवली, पुन्हा फिरवली. मला विचारायचा धीर होईना. जांभळं म्हणाल्या असत्या तरी विश्वास बसला नसता. ते तर आम्ही दोन वर्षं बोलतच होतो.

मग त्या म्हणाल्या, "मध्ये पिवळी रेघ आहे गं. ही मला कुणी सांगितली नव्हती."

खरंच होती. मीही तेव्हाच पाहिली.

महिन्याभरात ती कडही गेली. बाई कुरकुरत नाहीत, आल्यागेल्याला रेघेचं सांगतात. चाचांना मी सगळं सांगितलं तर ते म्हणाले, मग, अजून पाणी घातलं नाहीस ना? आणि पाइप गुंडाळायला लागले.

आता टँकरची शिडी चढताना त्यांचे गुडघे दुखतात. घरी करणारं कुणी नाही. ज्या दिवशी त्यांना शिडी चढवणार नाही, त्या दिवशी मला निरोप यावा. मी शिकलेली नाही, पण माणसाचं करणं मला येतं. चाचांचं मी करीन.