सस्काटूनचं ऊन आणि एक ओली चादर

कॅनडातल्या त्या हिवाळ्याची गोष्ट मी सोलापुरात पुष्कळदा सांगितली आहे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी जो पाहुणा येईल त्याला, चहाबरोबर. पण जशी घडली तशी ती कधीच सांगितली नाही. वर्षानुवर्षं टाळत आलो. आता जिच्यासमोर लाज वाटायची तीच राहिली नाही, म्हणून लिहितो.

आमची मुलगी वैशाली व्हँकुव्हरला नोकरीला होती. मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात रंगखात्याचा सुपरवायझर. निवृत्त झालो तसे मी आणि माझी बायको सुमन लेकीकडे राहायला गेलो. व्हँकुव्हर समुद्रकाठचं गाव. तिथला पाऊस कोसळत नाही, नुसता सांडत राहतो. सकाळी जो चालू असतो तोच संध्याकाळी. छत्री कधी वाळायची नाही. लेकीसाठी नेलेल्या जाड सोलापुरी चादरीला कुबट वास यायला लागला. सुमन मंगळवेढ्याची, काळ्या रानात वाढलेली. खिडकीशी बसून म्हणायची, "हितं ज्वारी काळीच पडंल."

मग वैशालीची बदली सस्काटूनला झाली आणि तिच्याबरोबर आम्हीही निघालो. विमानानं डोंगर ओलांडले, ढग मागे राहिले आणि खाली सपाट जमीन सुरू झाली. तिला प्रेअरी म्हणतात (नजर पोचेल तिथवर गव्हाचं माळरान). झाड नाही, टेकडी नाही. सगळं पांढरं आणि त्यावर लख्ख ऊन.

"अहो, आमचं मंगळवेढंच हाय की हे," सुमन काचेला नाक लावून म्हणाली. "नुसता चुना मारलाय."

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. बाहेर श्वास घेतला की नाकातले केस ताठ व्हायचे. हवा इतकी कोरडी की दाराच्या मुठीला हात लावला तर ठिणगी उडायची. बर्फ पिठासारखा भुसभुशीत, पायाखाली करकर वाजणारा. इंजिन गोठू नये म्हणून लोक दारातल्या गाडीला विजेची वायर जोडून ठेवत. सुमन म्हणाली, "बैलाला दावं लावल्यागत."

घरात ऊब असे. सोलापूरहून नेलेलं ज्वारीचं पीठ ती पुरवून पुरवून वापरायची. भाकरी थापताना तिची बोटं परातीत अशी फिरायची, की कडा कागदासारखी पातळ व्हायची. तव्यावरची भाकरी ती बोटांनीच उलटायची. उलथनं तिनं कधी घेतलं नाही.

शेजारी ओल्गाबाई राहायच्या, सत्तरीच्या, स्वतःच्या दारातला बर्फ स्वतः फावड्यानं ओढणाऱ्या. एकदा आमच्याकडे भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं तरी चटणी पुन्हा मागून घेतली. निघताना त्यांनी काही सांगितलं, ते वैशालीनं आम्हाला मराठीत सांगितलं, "ढग असतील त्या दिवशी खुशाल फिरा म्हणतात. ढग म्हणजे गोधडी. आभाळ मोकळं आणि ऊन लख्ख असलं की जपा. तोच दिवस सगळ्यात गार."

"आता सोलापूरच्या माणसाला ही बाई ऊन शिकवणार," मी म्हणालो. वैशालीनं ते काही त्यांना सांगितलं नाही.

नंतरच्या एका रविवारी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. सूर्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन छोटे सूर्य चमकत होते. असलं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. वैशाली बाजारात गेली होती. मला त्या कुबट चादरीची आठवण झाली. मी ती सुमनला टबात धुवायला लावली.

सुमन म्हणाली, "मशीनीतच वाळवू की. भाईर लई गार असंल."

"मशीनमध्ये सूत मरतं. चादरीतलं मला शिकवू नकोस. ऊन बघ कसं पडलंय."

"मग हातमोजे तरी घालते."

"ओल्या चादरीला हातमोजे? तेही भिजतील. मिनिटाचं तर काम."

ती ओल्या हातांनी मागच्या ओट्यावर गेली. मी आत काचेशी उभा राहिलो. काचेतून ऊन अंगावर येत होतं, छान ऊब होती, हातात चहा होता. चादर लोखंडी कठड्यावर टाकेपर्यंत पत्र्यासारखी ताठ झाली. सुमन ती ओढून सरळ करायला बघत होती. मधल्या भागात एक सुरकुती राहिली होती. मी काचेवर टकटक करून ती तिला दाखवली. ती पुन्हा वळली आणि तिची ओली बोटं कठड्याला चिकटली. तिनं हात ओढून घेतला तेव्हा कातडी निघाली. आत आली, तर बोटं मेणासारखी पांढरी.

"काय बी कळंना झालंय बोटांना," ती म्हणाली.

ओल्गाबाईंनी खिडकीतून पाहिलं असावं. त्या धावत आल्या आणि सुमनचे हात कोमट पाण्यात धरून बसल्या. माझ्याकडे बघून काहीतरी विचारत होत्या. मला कळलं नाही, पण काय विचारत असतील ते कळलं.

दवाखान्यात वैशालीनं तेच मराठीत विचारलं. "आईला असं बाहेर कुणी जाऊ दिलं?"

"मी म्हणत होतो मशीनमध्ये टाक," मी म्हणालो. "ऐकते का ती?"

सुमननं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग लेकीला म्हणाली, "व्हय. माझंच डोकं फिरलं हुतं."

हिमदंश (गारठ्यानं मांस गोठणं) होता. बोटं वाचली, पण शेंड्यांची संवेदना बहुधा परतणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती परतली नाही.

परतीच्या विमानात ती हातमोजे घालून बसली होती. मी म्हणालो, "सुमन." तिनं वळून पाहिलं. मी विचारलं, "पाणी हवंय का?"

सोलापुरात आल्यावर तिची भाकरी जाड व्हायला लागली. तवा किती तापलाय ते तिला कळेना, बोटं भाजायची आणि तेही नंतर दिसायचं. शेवटी आम्ही बाजारातून कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली) आणायला लागलो. पाहुणे कारण विचारत आणि मी रंगवून सांगे, "आमची ही गेली बर्फात चादर वाळवायला." लोक हसत. ती पदरानं कप धरून चहा आणायची आणि तीही हसायची. एकदा पाहुणे गेल्यावर कप उचलताना म्हणाली, "गोष्ट लई छान सांगता तुमी."

सुमन जाऊन आता दोन हिवाळे झाले. वैशालीला मी अजून फोनवर काही सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की आधी तिला पाठवीन.

सुमन होती त्या शेवटच्या थंडीत आम्ही दोघांनी तिकडून परत आणलेली तीच चादर धुऊन गच्चीवर नेली. खरंखुरं, अंगाला लागणारं ऊन होतं. तिनं एक टोक मनगटांत धरलं, दुसरं मी. सगळं वाक्य तयार होतं. मशीनीत टाकू असं तू म्हणाली होतीस, मीच तुला बाहेर पाठवलं, माझं चुकलं. मी तोंड उघडलं.

"मधी सुरकुती राहिली बघा," ती म्हणाली.

मी सुरकुती काढली.