वाकडं उलथनं

मी मुरगूडला माहेरी होते तेव्हा नवऱ्याचा फोन आला. "वैनी गेली. डंकावरच... मिरची भाजता भाजता बसली ती उठलीच न्हाय." वैनी म्हणजे शालन, माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणायचे. कोल्हापुरात आमच्या घराखालीच मिरची कांडायचा डंक आहे, तो तिनंच चालवला. मला आधी रडू नाही आलं, राग आला. एवढा मार पचवलेली बाई अशी मुकाट्यानं जाते? महिना झाला, राग अजून उतरलेला नाही.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. आक्काच्या गर्भपिशवीत गाठी झाल्या होत्या. पोट पाच महिन्यांच्या गरोदर बाईसारखं, आणि अंगावरून जायचं ते थांबतच नसे. निम्मा महिना ती बाजूला बसलेली. देवाला शिवायचं नाही, चुलीला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच पिशवी काढायची तर पोट फाडावं लागेल. त्यापेक्षा दर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं घ्या. पाळी थांबेल, अंगात रक्त भरेल, पिशवी आक्रसेल, मग दुर्बिणीतून काढू. पोट फाडलं तर कित्येक महिने कढई उचलता येणार नव्हती. आक्कानं तिथल्या तिथं दंड पुढं केला.

इंजेक्शन लागू पडलं, तिथंच घात झाला. पाळी थांबली. तोंडावर तेज आलं. अधूनमधून अंगाचा असा भडका उडायचा की ती भरल्या घागरीत तोंड घालायची. आत्याबाईंचं, म्हणजे आमच्या सासूबाईंचं, लक्ष मात्र एकाच गोष्टीवर. सून दोन महिने बाजूला बसली नाही, पोट तर पुढंच, आणि थोरल्या लेकाची नसबंदी झालेली. म्हातारीनं लेकाचे कान भरले.

दीर डंकावर आले ते लाथ घालतच. "कुणाचं हाय?"

"इंजेक्शनानं थांबलीया पाळी. डॉक्टरीणबाईस्नी इचारा."

"मला येडा समजतीस व्हय?"

केस धरून त्यांनी तिचं डोकं खांबावर आपटलं. रक्त भुवईवरून गळ्यापर्यंत आलं. मी मध्ये पडले तर मला मिरचीच्या पोत्यावर ढकललं. डंक धाडधाड चालूच होता, गिऱ्हाईक बाया तोंडाला पदर लावून उभ्या. पुढची लाथ पोटावर बसली. मग आक्कानं कढईतलं तापलेलं लोखंडी उलथनं उचललं आणि त्यांच्या गुडघ्यावर घातलं. दीर कोसळले तरी ती थांबली नाही. दांडा वाकेपर्यंत घालत राहिली. "ह्या पोटाला आता डॉक्टरीणबाईच हात लावणार!" खरं सांगते, मला बरं वाटलं.

उरलेलं इंजेक्शन घ्यायला तिला मीच नेलं. ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर जाताना ती डॉक्टरीणबाईंना एवढंच म्हणाली, "काय निघंल ते ह्यांच्या म्होरं ठेवा." काढलेली पिशवी नातेवाइकांना दाखवायची पद्धतच असते. एवढ्याशा भोकातून अख्खी निघत नाही, तुकडे करूनच काढलेली. नर्सनं ट्रे पुढं धरला. लाल मांस आणि चिरलेल्या पांढुरक्या गाठी. दीर लंगडत उठले. मी दवाखाना डोक्यावर घेतला, "बघा की! कुणाचं हाय ते आता ह्या गाठींस्नी इचारा!"

ते भिंतीला धरून ओकले. आत्याबाईंनी डोळ्यांवर पदर ओढला. माफी कुणी मागितली नाही, आक्कानंही वाट पाहिली नाही. काही आठवड्यांत ती कढईपुढं होती, हातात तेच वाकडं उलथनं. त्यानंतर दिरांचा हात कधी उठला नाही.

परवा खाली उतरले तर दीर उलथनं दगडावर ठेवून हातोडीनं ठोकत बसलेले. मी ते हिसकावून घेतलं.

"लोक इचारत्यात," ते खाली बघत म्हणाले, "कशानं वाकलं म्हणून."

"मग सांगा की," मी म्हटलं आणि उलथनं परत खुंटीला अडकवलं.