गाईंसाठी बाजूला ठेवलेलं पीठ

त्या जेवणाची आठवण आली की अजून तोंड कडू होतं. साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही अकोल्याला राहत होतो आणि मुलगी चौथीत होती. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मोर्णा नदीच्या काठी रोडग्यांचं, म्हणजे निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण काढलं. मुलांबरोबर आईवडिलांनीही यायचं. प्रत्येक घरून अर्धा शेर कणीक आणायची आणि सगळी एकाच परातीत मळायची. ‘शाळा आणि घर हे एकच कुटुंब,’ असं म्हणत मुख्याध्यापक दारोदार फिरले.

माझ्या मुलीशेजारी बसणाऱ्या मुलीच्या दारातही ते गेले. छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं ते घर. आई कापसाच्या जिनिंग कारखान्यात रोजानं जाई. बाप शाळेतून मुलीचं नाव काढून तिला कापूस वेचायला न्यायच्या बेतात होता. पण मुख्याध्यापक स्वतः दारात आले, मान देऊन बोलले, तेवढ्यावर आईनं त्याला थोपवलं. माझ्या बायकोला तिनंच हे सांगितलं होतं.

वर्गात चाळीस मुलं, म्हणजे वीस शेर कणीक. त्या हिशेबानं वांगी मी आणायची होती, म्हणून मी परातीजवळच उभा होतो. त्या दोघी मुली हातात हात घालून आल्या. वर्गाच्या मास्तरांनी माझ्या मुलीची पिशवी परातीत रिकामी केली. तिच्या मैत्रिणीची घेतली आणि मागच्या पोत्यात ओतली. पिठाच्या चक्कीवाल्या मुसलमानाचा मुलगा आला, त्याचंही पोत्यातच. अशा दहा-बारा पिशव्या पोत्यात गेल्या. शेवटी परातीत चौदा-पंधरा शेरांवर कणीक नव्हती.

“पोत्यातली कधी मळायची?” मी विचारलं.

“ती जास्तीची आहे हो,” मुख्याध्यापक हळूच म्हणाले. “गाईंना घालू. पुण्यच आहे.”

चक्कीवाला मागेच उभा होता. तो हसला. “मास्तरसाहेब, तुमचे गहू काल म्याच दळून देल्ले. माह्या हातचं पीठ तुमच्या घरात चालते, अन् माह्या घरचं इथं चालत नाही. हा कोनता हिसाब?”

“चक्कीची गोष्ट वेगळी,” मुख्याध्यापक म्हणाले. चेहऱ्यावर तेच दारोदार नेलेलं हसू. मला किळस आली ती त्या हसण्याची. तोंडावर शिवी दिली असती तर ती निदान खरी तरी असती.

तेवढ्यात त्या मैत्रिणीची आई पुढे आली. “काहून गुरुजी, तुमचं पीठ माणसायले अन् माह्या पोरीचं ढोरायले?”

तिनं पोतं उचललं आणि सगळं परातीत उपडं केलं. दोन्ही हातांनी खालवर केलं.

“आता घ्या निवडून,” ती म्हणाली.

गव्हाचं पीठ ते, काय निवडणार? परात तशीच मळली गेली. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले गेले, वांग्याची भाजी उतरली आणि पंगत मांडेपर्यंत निम्मी मंडळी पांगली. कुणाच्या घरी पाहुणे यायचे होते, कुणाचं पोट बिघडलं होतं. मुख्याध्यापकांना रविवारचा उपास आठवला. सकाळी आमच्यासमोर त्यांनी मूठभर चिवडा खाल्ला होता. उपाशी पोरांना दंडाला धरून ओढत नेणारे आईबाप मी त्या दिवशी पाहिले. एक पोरगा रोडग्याकडे वळून वळून बघत रडत होता.

आम्ही बसलो. चक्कीवाला बसला. दोघी मुली एकमेकींना चिकटून जेवल्या. मैत्रिणीचा बाप मात्र हात न लावता बसून होता. “हेच पाहाले आनलं का मले?” तो बायकोला म्हणाला. “उद्या जाऊन नाव काढतो.”

“काहून काढता?” तिनं त्याच्या पानावर रोडगा कुस्करला, वर तेल ओतलं. “शाळा काय त्यायच्या बापाची हाय? खा गुमान. अन् तू वं, उद्या वेळेवर जाजो.”

पोरीचं तोंड भरलेलं होतं. तिनं मान हलवली.

सोमवारी ती शाळेत गेली, आपल्या जागी बसली. माझ्या मुलीनं घरी येऊन सांगितलं, प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी कालच्या एकोप्याबद्दल सगळ्या पालकांचे आभार मानले.