सरज्याची लाल फीत

आमचा रंगनाथमामा गेला. पेडगावात समदे त्याला आकडबाज म्हनायचे, ते त्याच्या कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यापायी. सरज्या नाव त्याचं.

परभणीला कुत्र्यांच्या प्रदर्शनात सरज्याचा पयला नंबर आला, लाल फीत भेटली. गावाला वाटलं, जत्रंतल्या नंबरी वळूवानी ह्याचं बी रगत चोख. मामाला बी तसंच वाटलं. शेजारचा किशनराव तर दुसऱ्याच दिवशी आपली कुत्री सरज्याला लावायला घिऊन दारात हजर.

मामा म्हनला, "थांब की जरा. डॉक्टरचा दाखला बी आनतो, मंग बघ थाट."

डॉक्टरनं डोळे तपासले. म्हनला, "फीत रूपाला आन चालीला असती, मामा. डोळे तिथं कुनी बघितलेच न्हाईत. ह्याला अंधारात दिसत न्हाई, पुढं पुरता आंधळा व्हईल. रोग रगतातला हाय, ह्याची पिल्लं घिऊ नका."

मामानं किशनरावाला खरं ते सांगितलं. तो लय भडकला. "पयल्या नंबराचा कुत्रा आंधळा व्हय? आमची कुत्री हलकी वाटायली म्हन की सरळ!"

तवापसून बोलनं बंद. दिवस कलला की मामा सरज्याला दोरीनं धरून घरी आनायचा, तर लोक म्हनायचे, "बघा, चोरीला जाईल म्हनून भेयलाय."

मामाच्या तेराव्याला मातर किशनराव आला. सांज झाली व्हती. सरज्या चालत आला आन सरळ त्याच्या गुडघ्याला धडकला. किशनरावाच्या डोळ्यात पानी आलं. कुत्र्याला पोटाशी धरून म्हनला, "मालकाच्या दुःखानं डोळे गेले बिचाऱ्याचे. इतकं इमानी रगत, आन म्हाताऱ्यानं एक पिल्लू दिलं न्हाई!"