कोलंबोतली शेकोटी

बोटीच्या कठड्याशी उभं राहून नानांनी कानटोपी आणखी खाली ओढली आणि विचारलं, "ते काय हिरवं दिसस?"

ते सिलोन होतं. किनाऱ्यावर नारळाची दाटी, अंगाला चिकटणारा दमट वारा, आणि आमच्या सामानात दोन गोधड्या, लोकरी बंडी नि मेथीच्या लाडवांचा डबा.

नाना माझे मामा, धरणगावचे कापूसवाले शेतकरी. आदल्या हिवाळ्यात थंडीने त्यांचे गुडघे असे धरले, की त्यांना उचलून बैलगाडीत बसवावं लागे. तेव्हा हा आडदांड माणूस माझ्यादेखत रडला होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, यंदाचा हिवाळा उबदार समुद्रकाठी काढा, नाहीतर पाय कायमचे जातील. वकिलीच्या परीक्षेत आपटून मी तिथेच, धुळ्याच्या देवपुरात रिकामाच बसलो होतो. सोबतीला माझी नेमणूक बिनविरोध झाली.

कोलंबोत सोमावती नावाच्या विधवा बाईंच्या नारळवाडीत दोन खोल्या मिळाल्या. बाईंना आमची भाषा येईना, आम्हाला त्यांची. शेजारचे गुजराती शेठ दुभाषे झाले. नानांची अहिराणी त्यांना निम्मी समजे, उरलेली ते मनाने रचत.

पहिल्याच जेवणाला पोल रोटी (खोबऱ्याची भाकरी) आणि लालभडक संबोल (खोबऱ्याची चटणी) आलं. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. नाना मात्र म्हणाले, "बरं शे. तिखट जरा कमी."

खरी पंचाईत दिवेलागणीला झाली. आमच्याकडे हिवाळ्यात शेकोटीभोवती चार माणसं बसल्याशिवाय दिवस संपत नाही. नानांनी अंगणात झावळ्या रचून पेटवल्या आणि गोधडी पांघरून बसले. घामाच्या नुसत्या धारा लागल्या होत्या.

"नाना, आठे उकाडा शे!" मी म्हणालो.

"महिना कोनता?"

"पौष."

"मंग? हिवाळा पंचांगवर ठरस, हवावर नही. सरक, शेक."

मी सरकलो. मामांपुढे तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. वर मेथीचा लाडूही खाल्ला आणि त्या उष्णतेने माझा घोळणा फुटला.

"गिनी! गिनी! (आग! आग!)" करत बाई धावत आल्या. हा यांचा कुळाचार आहे, असं शेठनी दडपून सांगितलं. बाईंनी देवाधर्माच्या भीतीने काही दिवस सोसलं. मग एका संध्याकाळी ठिणगी उडून स्वयंपाकघराच्या झावळ्यांचं छप्पर धुमसलं. बाईंनी ते विझवलं आणि उद्याच चालते व्हा, म्हणून बजावलं.

माझं धाबं दणाणलं. घरी भर थंडी, म्हणजे नानांचे गुडघे गेलेच! मी बाईंच्या हातापाया पडलो. नाना म्हणाले, "आजनी शेवटनी." आणि पेटवली की पुन्हा! बाई बादली घेऊन आल्या नि सगळं पाणी शेकोटीवर ओतलं.

"मन्ही शेकोटी!" नाना गरजले आणि उठले. बाई रिकामी बादली घेऊन विहिरीभोवती पळाल्या, मागे गोधडी सावरत नाना, त्यांच्यामागे "शांति राखो" म्हणत शेठ. मी मध्ये पडणार, तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"नाना! तुम्ही पयी ऱ्हायनात! (पळताय!)"

नाना थांबले. गुडघ्यांकडे पाहिलं. खाली बसले, उठले, पुन्हा बसले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मलाही रडू आवरेना. शेठनी बाईंना सगळी हकीकत सांगितली. बाईंनी विझलेल्या राखेकडे बराच वेळ पाहिलं आणि आपला उजवा गुडघा चोळला.

दुसऱ्या संध्याकाळी त्या स्वतःच करवंट्यांची टोपली घेऊन आल्या आणि छपरापासून लांब, वाळूत जागा दाखवून नानांशेजारी पाय पसरून बसल्या. हळूहळू आळीतले झाडून सगळे म्हातारे जमू लागले. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. सगळे मिळून घामाघूम होत आणि एकमेकांना गुडघे दाखवत. खोली सोडण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही.

फाल्गुनात आम्ही परतलो. धरणगावच्या स्टेशनावर नाना कुणाचा हात न धरता डब्यातून उतरले आणि ताडताड चालू लागले. प्रवासाने माणसाची दृष्टी विशाल होते म्हणतात. आमच्या नानांचे गुडघे मोकळे झाले, मला तेवढं पुष्कळ होतं.

ऊन चांगलंच तापलं होतं. घ्यायला आलेल्या मंडळींनी विचारलं, "नाना, परदेश कसा काय?"

नानांनी कपाळावरचा घाम पुसला.

"भलती थंडी तठे," ते म्हणाले. "सारा मोहल्ला मन्हाकडे शेकाले ये."